ओढ्याअलीकडचे गवे

पोलीस दूरक्षेत्र अंबेखिंड, ता. शिराळा, जि. सांगली
दिनांक २९ मार्च २०२५, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे

नाव सौ. राहीबाई आकाराम मुळीक, वय ५६ वर्षे, शिक्षण सातवी पास, धंदा शेती व घरकाम, रा. मुळीकवाडी, मौजे अंबेखिंड. मोबाईल घरात एकच आहे, तो पतीजवळ असतो.

हवालदारसाहेबांनी विचारले त्यावरून त्यांच्यासमोर बसून सांगते की, मी वरील ठिकाणी पती आकाराम यांच्यासोबत राहते. पती लष्करातून हवालदार म्हणून २००९ साली निवृत्त झाले आहेत. आमच्या घराला लागून माझे धाकटे दीर जोतीराम, वय ४६, व त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ संयोगिता, वय ४१, हे दोन मुलांसह राहतात. मधली भिंत एकच आहे. २०१२ साली वाटण्या झाल्या. वाटणीवरून आमच्यात भांडण नाही. भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून आहे, ते पुढे येईल.

परवा गुरुवार दि. २७ मार्च रोजी दुपारी आमच्या मालकीच्या डोंगराला आग लागली. ती आग संयोगिताने लावली असे मी त्याच जागी पोलीस पाटलांना सांगितले होते. माझ्या सांगण्यावरून काल दिवसभर व आज सकाळपासून तिला चौकशीसाठी इथे बसवलेले आहे. आत येताना मी तिला बाहेरच्या बाकावर पाहिले. तिच्या उजव्या हाताला पट्टी आहे. उद्या पाडवा आहे. त्या आगीबाबत माझा आजचा जबाब आहे.

वाडीच्या मागे डोंगर आहे व डोंगराच्या मधून ओढा वाहतो. ओढ्याअलीकडचा अकरा एकर डोंगर आमच्या वाटणीला आला, पलीकडचा तेवढाच जोतीरामच्या. पलीकडे सगळे गवत आहे. आमच्याकडेही वाटणीच्या वेळी गवतच होते. दरवर्षी माघात डोंगर पेटवायचा, म्हणजे नवे गवत जोमाने फुटते, अशी आमच्या भागात पूर्वीपासूनची रीत आहे. जोतीराम व संयोगिता आजही तसेच करतात. आम्ही २०१३ पासून बंद केले.

त्या वर्षी जून महिन्यात मी व पतीने मिळून आमच्या डोंगरावर चारशे खड्डे काढले. करंज, जांभूळ, हिरडा, ऐन, उंबर, बांबू अशी रोपे लावली. पुढची तीन वर्षे उन्हाळ्यात ओढ्याच्या डोहातून घागरीने पाणी घातले. पती ड्रम आणू म्हणाले होते, पण चढावर ड्रम जात नाही. पहिल्या पंचवीस रोपांना ओळख राहावी म्हणून मी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचे काठ फाडून बांधले. चारशेपैकी दोनशे ऐंशी जगली. बाकीचे रान आपले आपण आले. करवंदीच्या जाळ्या एवढ्या माजल्या की माणूस वाकून शिरला तर अंग ओरबाडून निघते.

रान राखायचे माझे दोन नियम आहेत व ते सगळ्या वाडीला माहीत आहेत. पहिला, रानाभोवती दहा फुटांची जाळरेषा. म्हणजे जानेवारीत त्या पट्ट्यातले गवत काढून, पाला झाडून जमीन उघडी ठेवायची, बाहेरचा वणवा तिथे येऊन विझतो. आठवड्यातून दोनदा मी स्वतः झाडते. दुसरा नियम, संक्रांतीपासून मिरगापर्यंत रानात कोणीही शिरायचे नाही. जळण नाही, चराई नाही, करवंदेसुद्धा नाहीत. माणूस शिरला की विडी शिरते. हा नियम मी घरच्यांनाही लावला व स्वतःलाही लावला. रोपांना पाणी घालायची ती तीन वर्षे सोडली तर मी संक्रांतीनंतर आत पाऊल टाकलेले नव्हते. बाहेरून फिरते, जाळरेषेवरून. याचा मला अभिमान होता. आज त्याबद्दल काय वाटते ते साहेबांनी विचारले नाही.

बारा वर्षांत आमचे रान बघायला कोणी आले नाही. एकदा कृषी खात्याचे एक साहेब रस्त्यावरून गाडीतूनच ‘छान, छान’ म्हणाले व पुढे गेले. मी चहा ठेवला होता.

दि. ४ फेब्रुवारी रोजी जोतीराम व संयोगिता यांनी त्यांचा डोंगर नेहमीप्रमाणे पेटवला. आमच्या जाळरेषेवर मी ओली पोती घेऊन उभी होते. त्यांची आग आमच्याकडे आली नाही, हे मान्य करते. पंधरा-वीस दिवसांत काळ्या डोंगरावर हिरवी लव आली. दि. २४ फेब्रुवारी रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास त्या लवीवर गवे आले. नऊ होते. एक मोठा नर, बाकी माद्या व लहान. चारही पाय गुडघ्यापासून पांढरे, मोजे घातल्यासारखे. ओढ्याच्या वळणातून वर आले, अंधार होईपर्यंत चरले. दुसऱ्या दिवशीही आले. रोजच यायला लागले. गवे चांदोलीच्या जंगलातून ओढ्याओढ्याने येतात असे सगळे म्हणत होते. मीही तेच म्हणत होते.

त्यानंतर जे झाले ते साहेबांनी थोडक्यात सांगा म्हटले. थोडक्यात होत नाही. पहिल्यांदा वाडीतली पोरे बघायला गेली. मग कोणीतरी व्हिडिओ काढून पाठवला. मग इस्लामपूरहून निसर्ग मंडळाचे लोक दोन गाड्या करून आले. मग कुंडलची एक शाळा सहल घेऊन आली. संयोगिताच्या अंगणातून गवे समोर दिसतात, म्हणून तिने प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या व सगळ्यांना चहा केला. पेपरात तिचा फोटो आला. फोटोत ती डोंगराकडे हात करून उभी आहे, जणू हाळी मारून तिनेच गवे बोलावले. खाली छापले होते की गव्यांना संयोगिताताईंचा डोंगर आवडतो. तिने डोंगराला आवडण्यासारखे काय केले, तर काडी लावली. एवढेच केले. एक झाड लावले नाही, एक घागर वाहिली नाही.

ती मला बोलवायला आली होती, हेही लिहावे. मधल्या भिंतीवरून वाकून म्हणाली, “आक्का, तुमीबी येत जावा की सांजचं. लय झ्याक दिसत्यात. तुमची खुर्ची म्होरं मांडते.” मी म्हटले, माझी भाकरी तव्यावर आहे. तव्यावर काही नव्हते. तिने मनापासून बोलावले असेल. पण आपल्याच घराशेजारी आपल्यालाच पाहुण्यासारखे बोलावतात तेव्हा ते गोड लागत नाही.

माझे पती मात्र रोज जायला लागले. पतीकडे लष्कराच्या कॅन्टीनमधून आणलेली लोखंडी घडीची खुर्ची आहे. गेली पंधरा वर्षे ती आमच्या उंबऱ्याबाहेर असते. सायंकाळी ते त्या खुर्चीवर बसून आमच्या रानाकडे बघत चहा घेत. दि. १ मार्चपासून ते खुर्ची उचलून संयोगिताच्या अंगणात नेऊ लागले. चहा तिकडेच घेत. मी एकदा विचारले की आपल्या रानाकडे बघायचे सोडलेत का. पती म्हणाले, “अगं, आपल्या रानात बघायचं काय? झाडंच हायती नुसती. तितं जनावर दिसतंय.” हे शब्द जसेच्या तसे आहेत. ज्या माणसाने माझ्याबरोबर तीन उन्हाळे घागरी वाहिल्या त्याचे हे शब्द आहेत. त्या दिवशी दुपारची भाजीच रात्री वाढली.

मध्ये एक प्रकार घडला तो सांगते. दि. ९ मार्च रोजी मी जाळरेषा झाडत असताना धुळीतले खुरांचे ठसे पहिल्यांदा माझ्या नजरेला पडले. रानातून बाहेर, ओढ्याकडे गेलेले होते व तसेच परत आतही आलेले होते. शेणही होते. मी तडक संयोगिताच्या दारात गेले व तुझी म्हैस माझ्या रानात कशी शिरली असे विचारले. ती म्हणाली, “आक्का, म्हस गाभण हाय. म्हैना झाला, दावणीची सुटली न्हाई. या, बघा गोठ्यात.” मी म्हटले, “मग ती खुरं काय माझ्या बापाची हायती?” मी गोठ्यात पाहिले नाही. ठसे झाडून टाकले. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी ठसे दिसत व मी दर वेळी झाडून टाकत असे व दर वेळी तिच्या नावाने बोटे मोडत असे. एकदा जाळीच्या आतून फुरफुर ऐकू आली. रानडुक्कर समजून मी दगड मारला. फुरफुर थांबली.

साहेबांनी विचारले की आगीशी याचा संबंध काय. संबंध आहे. लिहून घ्यावे.

दि. २७ मार्च रोजी पती सकाळी पेन्शनच्या कामासाठी शिराळ्याला गेले होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास मी काडेपेटी घेऊन आमच्याच रानाच्या वरच्या कोपऱ्यात गेले. तिथे दोन गुंठ्यांएवढी गवताची मोकळी जागा आहे. ती जागा मी पेटवली. आग मी लावली. संयोगिताने नाही. परवा मी पोलीस पाटलांना जे सांगितले ते खोटे आहे.

कारण विचारले. मी म्हटले, कारण लिहायलाच लागते का. लागते म्हणाले. तर लिहा की हेवा. मला वाटले, दोन गुंठे जाळू. पंधरा-वीस दिवसांत आपल्याकडेही कोवळे फुटेल. नऊ नको, पण एक तरी गवा ओढा ओलांडून अलीकडे येईल. बारा वर्षे ज्या रानाला मी जपले त्यात एक जनावर दिसेल. आणि खुर्ची परत आमच्या दारात येईल. एवढाच हेतू होता. दुसरा कुणाला इजा करण्याचा हेतू नव्हता.

आग दोन गुंठ्यांत राहील असे मला का वाटले, असे विचारले. जाळरेषेमुळे वाटले. भोवती जाळरेषा आहे, आग बाहेर जाणार नाही, हेच बारा वर्षे डोक्यात होते. पण ती बाहेरची आग आत येऊ नये म्हणून आहे. आत जमिनीवर बारा वर्षांचा पाला ढोपरभर साठला आहे, कारण मीच तो कुणाला उचलू दिला नाही. वारा वरून खाली फिरला. मी अंगावरचा पदर काढून झोडपले. पंधरा मिनिटांत माझ्या हातचे काही राहिले नाही.

धूर बघून सगळ्यांत आधी संयोगिता आली, मागोमाग जोतीराम. तिने आपल्या न्हाणीतली पोती भिजवून आणली होती. मी जागेवरून हलत नव्हते. ती ओरडली, “आक्का, हुब्या काय राहिलाय! खालनं जाळ तोडा, खालनं!” ती व जोतीराम दोघे हिरव्या फांद्या घेऊन आगीत शिरले. ज्या नियमाने मी तिला बारा वर्षे आत येऊ दिले नाही, तो तिने तेव्हा मोडला. तिचा हात तेव्हाच भाजला.

एकच्या सुमारास रानाच्या आतून मोडतोडीचा मोठा आवाज आला. करवंदीची जाळी फाडून गवे बाहेर आले. एकामागून एक. मी मोजले नाहीत. ते थेट ओढ्याच्या दिशेने निघाले. जोतीराम त्या वाटेवर पाठमोरा फांदी मारत होता. त्याला धक्का बसून तो खडकावर पडला. उजवी मांडी मोडली आहे. तो सध्या सरकारी दवाखान्यात दाखल आहे, शुद्धीत आहे व बोलतो.

दोनच्या सुमारास पोलीस पाटील व वाडीतले लोक आले. आग कुणी लावली असे त्यांनी विचारले. सगळ्यांनी संयोगिताकडे बघितले, कारण डोंगर पेटवणारे घर तिचे. तिच्या हातात जळकी फांदी होती, साडीचा काठ करपला होता. मी म्हटले, “तीच. आणि कोण?” ती माझ्याकडे बघत राहिली. ‘मी न्हाई’ एवढेच म्हणाली, तेही एकदाच. मग जोतीरामला उचलायला गेली. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण अकरा एकरातली काडी उचलू न देणारी बाई स्वतःचे रान जाळेल असे कोणाच्या डोक्यात येणार नाही.

तरीही मी आज खरे बोलले नसते. साहेबांसमोर हे स्पष्ट सांगते. आज सकाळी घरून निघताना संयोगिताविरुद्ध पक्का जबाब द्यायचे ठरवून निघाले होते. तेव्हाही मला वाटत होते की गवे धुराने बुजून तिच्या डोंगरावरून पळताना माझ्या रानात शिरले असतील.

सकाळी दहा वाजता इथे वनरक्षक क्रांती शेडगे आल्या. त्या मूळच्या आटपाडीच्या आहेत. त्यांनी सांगितले की दि. १० फेब्रुवारी रोजी त्यांनी आमच्या रानात बिबट्याच्या नोंदीसाठी दोन कॅमेरे लावले होते. समोरून काही हलले की ते आपोआप फोटो काढतात. त्या दिवशी मी डोळे तपासायला इस्लामपूरला गेले होते. पतीने त्यांना आत नेले व मला सांगितले नाही, कारण मी नाही म्हटले असते. ते खरे आहे, मी नाही म्हटले असते. एक कॅमेरा आगीत गेला. ओढ्याकडचा, आग थांबली त्या कडेवरचा, राहिला, तो त्यांनी काल उघडला.

बिबट्या त्यात एकदाच आहे. बाकी सगळे गवे आहेत. कॅमेरा लावला त्या पहिल्याच दिवसापासून आहेत, म्हणजे पलीकडच्या डोंगरावर लोकांना दिसले त्याच्या दोन आठवडे आधीपासून. त्याआधी किती दिवस होते हे शेडगे यांनाही सांगता येत नाही. फोटो सकाळी सात ते सायंकाळी पाच या वेळेतले आहेत. सावलीत बसलेले, रवंथ करत असलेले, एकमेकांचे अंग चाटत असलेले. मी शेडगे यांना विचारले की हे पलीकडून आले होते ना. त्या म्हणाल्या, “न्हाई काकू. ऱ्हायला हितंच हुती. सांज झाली की वढा वलांडून पलीकडं चरायला जायची. जळल्या जागी गवत कवळं असतंय म्हणून जात्यात, पर दिसभर आडोसा लागतोय. पिल्लू ठेवायला तर लागतोयच. तसला आडोसा या अंगाला तुमच्या रानाबिगर कुठंच न्हाई.” ते ठसे कुणाचे होते, हे मी विचारले नाही.

दि. १९ मार्च, दुपारी १ वाजून २० मिनिटे, अशी वेळ असलेला एक फोटो त्यांनी मोठा करून दाखवला. त्यात जांभळाच्या झाडाखाली एक मादी उभी आहे व बुंध्याला टेकून लहान पिल्लू बसलेले आहे. झाडाला हिरवा काठ बांधलेला दिसतो. तो माझ्या लुगड्याचा आहे. ते झाड मी लावले आहे. ज्या वेळचा फोटो आहे त्या वेळी मी खाली जाळरेषेवर ठसे झाडत असणार. मध्ये दोनशे पावलांचे अंतर आहे.

आगीनंतर केलेल्या पंचनाम्यात एका पिल्लाची नोंद आहे. लहान पिल्लू आई दडवून ठेवते व ती येईपर्यंत ते जागचे हलत नाही, असे शेडगे यांनी सांगितले. नोंदीत जांभळापासून चार हात असे लिहिले आहे. त्याबाबत मला आणखी काही विचारू नये.

पतींना हे मी अजून सांगितलेले नाही. ते बाहेर संयोगिताच्या शेजारी बाकावर बसलेले आहेत. मी आत येताना ते तिला म्हणत होते, “आक्काला समजावतो मी, तू रडू नगं.” त्यांना वाटते मी तिच्यावर उगाच संशय घेते.

माझे म्हणणे असे की संयोगिताला ताबडतोब घरी सोडावे. तिची मुले कालपासून आमच्याच घरी जेवत आहेत व मला काकी म्हणून हाक मारत आहेत. जे कलम लागेल ते माझ्यावर लावावे. ओढ्याकडचे अडीच-तीन एकर रान शिल्लक आहे. काल तिथे ताजे शेण दिसले असे शेडगे म्हणाल्या. त्या भागात मिरगापर्यंत कोणी शिरू नये, बघायला म्हणूनसुद्धा नाही. त्यात आमचे घरही आले.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला व मी बसून ऐकला. मला वाचता येते, तरी त्यांनीच वाचावे असे मी म्हटले. १९ मार्चच्या फोटोचा भाग मी त्यांना दोनदा वाचायला लावला. मादी उभी आहे व बुंध्याला टेकून पिल्लू बसलेले आहे, असेच त्यात लिहिले आहे. माझ्या सांगण्याप्रमाणे ते बरोबर आहे. बाकीचेही बरोबर आहे.

सही
राहीबाई आकाराम मुळीक